सल्ला फुकट, चेस्टनट सात डॉलर पाउंड

माझ्या उजव्या अंगठ्याच्या नखाखाली चेस्टनटच्या (भाजून खातात ते तपकिरी सालीचं फळ) सालीचा एक कपचा अजून अडकलेला आहे. सुईने काढायला गेलं की डोळ्यांत पाणी येतं, म्हणून तो तसाच ठेवून टाइप करतेय, तेव्हा शब्द जोडले-तुटलेले दिसले तर सांभाळून घ्या.

मुलाचं लग्न उन्हाळ्यात झालं, सूनबाई इथलीच, अमेरिकन. यंदाचं थँक्सगिव्हिंग आमच्याकडे न्यू जर्सीत करायचं ठरलं. विहीणबाईंचा फोन आला, टर्की मी आणते, पाई मी आणते, तुम्ही फक्त स्टफिंग करा, म्हणजे टर्कीबरोबर खायचं ब्रेडचं सारण, व्हेजच करा म्हणजे तुम्हालाही खाता येईल, आणि हो, आमच्याकडे त्यात चेस्टनट घालतात हं. इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की मी हो म्हणून मोकळी. मुलाची आई म्हणून आपल्याकडे जो काही रुबाब असायचा तो इथे यायच्या आधी कस्टमवाले काढूनच घेत असावेत.

मग शोधाशोध. नेहमीच्या दुकानातला पोरगा मोठ्या आत्मविश्वासाने आत गेला आणि डब्यातले वॉटर चेस्टनट घेऊन आला, आपल्या शिंगाड्यासारखे असतात ते. म्हणलं बाबा हे पाण्यातलं, मला झाडावरचं पाहिजे. तर म्हणे याच्यावर चेस्टनट लिहिलंय ना. आमच्या मंडळातली एक मैत्रीण म्हणाली, अगं विकत कशाला घेतेस, आमच्या पार्कात ढीग पडलाय खाली, पिशवी घेऊन ये. ते पार्कातलं असतं हॉर्स चेस्टनट, आणि ते विषारी असतं. खायच्या चेस्टनटचं बोंड बारीक सुयांनी गच्च भरलेलं असतं आणि फळाला टोकाशी छोटीशी शेंडी असते, या घोडेवाल्याच्या बोंडावर विरळ जाडे काटे आणि फळ अगदी गुळगुळीत गोटा. मी वेळेवर वाचलं म्हणून बरं, नाहीतर नव्या व्याह्यांना पहिल्याच सणाला थेट इमर्जन्सीत नेऊन मी गावभर प्रसिद्ध झाले असते. मैत्रिणीला सांगितलं तर म्हणाली, अगंबाई हो का, आमच्या खारी तर खातात.

शेवटी आदल्या दिवशी संध्याकाळी एका इटालियन वस्तीतल्या दुकानात मिळाले. कांद्याबटाट्यांच्या शेजारी लाकडी खोका, त्यात चकचकीत तपकिरी चेस्टनट, पाउंडाला सात डॉलर. मी पिशवी घेतली आणि भरायला लागले. तेवढ्यात मागून आवाज, "हनी, काय करतेस तू हे?"

एक आजोबा. ऐंशीच्या पुढचे असतील, डोक्याला चपटी टोपी, कार्टमध्ये फक्त एक ब्रेड आणि वाइनची बाटली. म्हणलं, चेस्टनट घेतेय.

"घेत नाहीयेस. नुसती भरतेयस."

आणि त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेऊन सरळ खोक्यात उलटी केली! मी इतकी दचकले की रागवायचंच राहून गेलं. मग त्यांनी एकेक उचलायला सुरुवात केली. अंगठ्याने दाबायचा, आपण नारळ हलवून बघतो तसा कानाशी हलवायचा, आणि निकाल. "हा मेला. हा पण मेला. हा गेल्या वर्षी मेला." एकाला बारीक भोक होतं, ते माझ्या चष्म्यासमोर धरून म्हणाले, "इथे भाडेकरू आहे." मी म्हणलं, कोण? तर म्हणे, अळी.

मग व्याख्यान सुरू झालं. लोकांना वाटतं चेस्टनट म्हणजे अक्रोडासारखं, ठेवा कुठेही. मुळीच नाही. याच्यात तेल फारसं नसतं, पिठूळ असतं हे, आणि जवळजवळ निम्मं पाणी. हे गाजरासारखं फ्रिजमध्ये ठेवायचं फळ, आणि हे गाढव (म्हणजे दुकानदार, तो समोरच उभा होता) याला बटाट्यांशेजारी उबेत ठेवतं. पाणी उडून जातं, गर आक्रसतो, साल तेवढीच राहते, म्हणून दाबलं की आत जातं. चांगला असेल तर दगड लागला पाहिजे हाताला. आमचं गाव इटलीत आवेलिनोकडचं, तिथे डोंगरच्या डोंगर चेस्टनटचे, माझी आजी पीठ करायची याचं, गहू श्रीमंतांचा आणि हे आमचं. मी विचारलं, तुम्ही कधी आलात इकडे? तर म्हणाले, "मी? मी इथे न्यूआर्कला जन्मलो. तिकडे कोण जातंय, विमानात माझे पाय सुजतात."

एव्हाना आजूबाजूला तीन-चार बायका जमल्या होत्या, एकीने फोनवर शूटिंगसुद्धा सुरू केलं. आणि खोटं कशाला बोलू, मी अगदी भारावून गेले होते. म्हणजे बघा, परका माणूस, सणाची घाई, आणि माझ्यासाठी हे एकेक दाणा पारखून पिशवीत टाकतायत, मला तर आमचे कल्याणचे भाजीवाले मामा आठवले, ते पण माझ्या आईला असेच टोमॅटो निवडून द्यायचे आणि वर कोथिंबीर. पिशवी भरली. मी हात पुढे केला, म्हणलं, किती त्रास घेतलात हो, थँक यू सो मच.

"यू आर वेलकम," आजोबा म्हणाले, पिशवीला गाठ मारली आणि स्वतःच्या कार्टमध्ये ठेवली.

मी बघतच राहिले. ते म्हणाले, "आता कळलं ना कसं निवडायचं? निवड आता. हॅपी थँक्सगिव्हिंग, हनी." आणि गेले. खोक्यात उरले होते ते सगळे त्यांनी मयत म्हणून जाहीर केलेले. त्या जमलेल्या बायका पण पांगल्या, कारण सगळ्यांसमोर पोस्टमॉर्टेम झालेला माल कोण घेणार. मी तळापर्यंत हात घालून, दाबून दाबून, दीड पाउंड जमवले, म्हणजे साधारण पन्नासेक नग. मला राग पिशवीचा नाहीये इतका, मी थँक यू म्हणाले याचा आहे. दोनदा म्हणाले मी.

घरी आल्यावर खरं काम. प्रत्येकाच्या फुगीर बाजूला चाकूने फुली मारायची, नाहीतर आतल्या वाफेने ओव्हनमध्ये फुटतात. मी खाली मान घालून फुल्या मारतेय आणि नवरा समोर स्टुलावर फोन घेऊन. "तुला माहितीये का, अमेरिकेत चेस्टनटची प्रचंड जंगलं होती, मेन राज्यापासून पार मिसिसिपीपर्यंत. 1904 मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या झूमधल्या झाडांवर एक बुरशी दिसली, आशियातल्या झाडांबरोबर आलेली. पन्नास वर्षांत तीन-चार अब्ज झाडं खलास!" म्हणलं, हो का. "मुळं अजून जिवंत आहेत गं, फुटवे येतात, जरा मोठे झाले की बुरशी परत गाठते. म्हणून तर आता बाहेरून येतात, इटली, चीन, कोरिया." वाईट वाटलं मला, खरंच वाटलं, एवढाली झाडं गेली. पण म्हणलं तेवढा एक चाकू घ्या हातात. तर घेतला, आणि पाच चेस्टनटवर पेन्सिलीने मारावी तशी नाजूक रेघ मारून म्हणाला, माझी पाठ धरली. त्या पाचातला एक ओव्हनमध्ये असा फुटला की सासूबाई आतून ओरडल्या, सिलेंडर का गो?

सोलणं तर त्याहून वाईट. गरम असतानाच सोलायचे, गार झाले की आतली केसाळ साल गराला चिकटते आणि ती कडू लागते. म्हणजे बोटं भाजतायत तोवरच काम होतं, भाजायची थांबली की काम पण थांबलं. फडक्यात गुंडाळून एकेक काढतेय, तर सासूबाई शाल पांघरून आल्या आणि सोललेल्यातला एक तोंडात टाकला. "अगो, ही तर आठळी!"

म्हणलं, नाही हो आई, हे चेस्टनट.

"आठळीच. जरा गोड आहे इतकंच." दुसरा उचलला. आमच्या लांज्याला गरे खाल्ले की आठळ्या मातीत घोळवून ठेवायच्या पावसाळ्यासाठी, मग चुलीच्या निखाऱ्यात भाजायच्या, पैसा पडत नसे. केवढ्याला आणल्यास? मी सांगितलं. त्यांनी मनातल्या मनात रुपये केले, डोळे मिटून घेतले, आणि तिसरा खाल्ला. माझ्या सोलण्याचा आणि त्यांच्या खाण्याचा वेग बराच वेळ सारखाच होता. शेवटी भांडं उचलून वरच्या कपाटात ठेवलं मी. वर ब्रेडचे तुकडे, सेलरी, कांदा, बटर परतताना विचारतात, यात हिंग नाही घातलास?

दुसऱ्या दिवशी टेबलावर सगळ्यांनी स्टफिंग दोन-दोनदा घेतलं, ते मान्य करते. विहीणबाईंनी विचारलं, कुठल्या ब्रँडचे घेतलेस? म्हणलं, ब्रँड कसला, मी घरी भाजून सोलले. त्यांच्या हातातला काटा थांबला. "सालासकट आणलेस? ओ माय गॉड! आम्ही तर पाकिटातले घेतो, शिजवून सोललेले मिळतात की, सूपच्या शेल्फवर. माझ्या आईपासून आम्ही कोणी चेस्टनट सोललेला नाही."

मी काही बोलायच्या आत व्याही म्हणाले, "पण फरक कळतो हं! ताज्याची चवच वेगळी." आणि माझा नवरा, ज्याची पाच रेघांत पाठ धरली होती तो, खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "ऑफकोर्स. ख्रिसमसला पण आम्हीच आणू ना, काही त्रास नाही."

काही त्रास नाही म्हणे. टेबलाखालून पाय मारला तर तो सूनबाईला लागला, ती बिचारी सॉरी म्हणाली.

काल जाऊन पाकिटं आणली आहेत. पोह्यांच्या डब्यामागे ठेवलीत, तिकडे या घरात माझ्याशिवाय कोणाचा हात जात नाही. ख्रिसमसला विचारलं तर घरीच सोलले म्हणून सांगणार आहे, आणि आदल्या दिवशी दुपारभर दार लावून झोपणार आहे.