अंतरा ब्रेकनंतर

रविवारी रात्री नऊला आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचं संगीत सुरू होतं आणि साडेदहाला थांबतं. त्यात गाणं किती, हे मोजायला परवा मी घड्याळासमोर बसलो.

पहिला स्पर्धक आला. त्याच्याआधी त्याचं गाव आलं, गावातली विहीर आली, विहिरीवर पाणी शेंदणारी आई आली, आणि मग तीच आई साक्षात स्टेजवर आली. परीक्षक रडले, निवेदिका रडली, आमची ही तव्यावरची पोळी उलटायची विसरली. नऊ मिनिटं.

मग आशाबाईंचं गाणं सुरू झालं. आईने कानातल्या मशीनचा आवाज वाढवला. ध्रुवपद झालं, तबलजीने झकास तिहाई घेतली, आता अंतरा... आणि भांड्यांचा साबण आला. मग पंखा, मग मलम, मग पुन्हा साबण. परतलो तेव्हा परीक्षक उभे राहून 'अंगावर काटा आला' म्हणत होते. गाणं एकूण एक मिनिट वीस सेकंद.

"मेल्यांनी अंतरा कुठं ठेवला?" आई म्हणाली.

तिचं दुखणं जुनं आहे. ग्रामोफोनच्या ७८ आरपीएमच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची; तेवढ्यात गवई अख्खा राग उभा करायचे आणि काही जण शेवटी स्वतःचं नाव सांगायलाही वेळ काढायचे. त्यातून गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी आश्रम काढला तो आमच्या नाशिकच्या पंचवटीत, त्यामुळे संगीताची कुठेही हेळसांड झाली की आई ती व्यक्तिशः घेते. २००९ साली 'लिटिल चॅम्प्स'च्या वेळी मात्र हीच माउली माझ्या मोबाइलवरून पाचही पोरांना एसएमएस करत होती. एकाला मत दिलं तर बाकीच्या चौघांना वाईट वाटेल म्हणून! बिल मी भरलं.

"आजी, टीव्हीवर गाणं आता संपलंच," चिरंजीवांनी मोबाइलमधून मान वर न करता निकाल दिला. "एमटीव्ही १९८१ पासूनची, तरी ब्रिटनमधल्या तिच्या निव्वळ गाण्यांच्या वाहिन्या २०२५च्या ३१ डिसेंबरला बंद झाल्या. यूट्यूब लाव."

लाव म्हणणं सोपं. रिमोटच्या बाणांनी एकेक अक्षर गाठत मी 'आशा'पर्यंत पोचलो, तर 'आशा सेविका भरती' आलं. तो बोलून शोधायचा माइक दाबला. नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली, आणि टीव्हीने इमानेइतबारे रेल्वेचे व्हिडिओ दाखवले. शेवटी ते गाणं सापडलं. अठ्ठावन्न सेकंदांचं. उभं. अर्ध्या पडद्यावर एक मुलगी ध्रुवपदावर कपाट आवरत होती.

"अंतरा?" आई.

"आजी, एवढंच व्हायरल आहे."

इतक्यात लाइट गेली. पंखा घरघरत थांबला. अंधारात आईने घसा खाकरला आणि अंतरा धरला. आवाज थकलेला, पण सूर जागच्या जागी. ही ओल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. चिरंजीवांनीसुद्धा मोबाइल पालथा घातला. पहिली ओळ झाली, दुसरी झाली, तिसरीला आई अडली. पुन्हा दुसरीवर आली, पुन्हा अडली.

आम्ही तिघंही श्वास रोखून बसलेलो.

"थांबा रे," आई म्हणाली. "उरलेलं ब्रेकनंतर. आधी कुणीतरी चहा टाका."