बावीसची पुंगळी घरी भरून चालत नाही

कोल्हापुरातल्या नेमबाजांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय: ‘काडतुसं महाग झाली? रिकाम्या पुंगळ्या फेकू नका, दारू-शिसं घरीच भरा. परदेशात सगळे भरतात. चिमूटभर जास्त टाकली की गोळी सरळ जाते.’

परदेशात भरतात ती सेंटरफायर, म्हणजे बुडाच्या मध्यभागी प्रायमर (दारू पेटवणारी छोटी टोपी) असलेली काडतुसं. .३०८ या रायफलीच्या काडतुसाच्या बुडातला वापरलेला प्रायमर काढून नवा बसवता येतो. बावीस, म्हणजे .२२ हे रिमफायर काडतूस. त्यात वेगळा प्रायमर नसतो; स्फोटक मिश्रण ओलं असताना पुंगळी गरगर फिरवून बुडाच्या काठात पसरवतात आणि पिन तो काठच चेचते. त्यात काडेपेटीचा गूल कोंबायला सांगणारेही भेटतात. गूल घर्षणाने पेटतो, म्हणजे कोंबतानाच पेटू शकतो. आणि चेचलेला काठ बार उडताना फाटला, तर गरम वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येतो. तेजस्विनी सावंत (म्युनिक, २०१०) आणि स्वप्निल कुसाळे (पॅरिस, २०२४) यांची पदकं ५० मीटरची, म्हणजे याच रिमफायरची.

‘चिमूटभर जास्त’ हे सगळ्यात घातक. सेंटरफायरवाले दारू ग्रेन (वजनाचं बारीक माप) दाखवणाऱ्या तराजूवर तोलतात. भरणीच्या पुस्तकातल्या कमाल मापाच्या साधारण १० टक्के खालून सुरुवात करून हळूहळू वर जातात. गोळी, प्रायमर, पुंगळी किंवा दारूचा लॉट (एकत्र बनलेली खेप) बदलला की पुन्हा खालून. बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा दांडा) जड उठला, प्रायमर चपटा झाला, बुडावर चकचकीत ठसा आला की तिथेच थांबायचं, कारण ही चिन्हं दिसेपर्यंत दाब बहुधा मर्यादेपलीकडे गेलेला असतो. पिस्तुलाची झटकन जळणारी दारू दिसायला तशीच असते. रायफलीच्या मापाने भरली तर चेंबर (काडतूस बसतं ती जागा) फुटू शकतं.

आणि सरळ कुठली जाते? ३२५ ऐवजी ३१५ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटलेली गोळी ५० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर खाली लागते. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. घरगुती भरणीत वेग एवढा सारखा राखणार कसा?

कायद्याचं थोडक्यात: शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला स्वतंत्र परवाना लागतो. रायफल बाळगायच्या परवान्यात तो येत नाही.

पैसे वाचवायचेच तर लॉट तपासा. एकाच ब्रँडचे दोन-तीन लॉट मागवा, रायफल टेकवून प्रत्येकाचे दहा-दहा गोळ्यांचे तीन-चार ग्रुप (एकाच नेमावरच्या छिद्रांचे पुंजके) घ्या. ब्रँड बदलल्यावर पहिल्या दहा-पंधरा गोळ्या हिशेबात धरू नका. नळीत आधीच्या काडतुसाचं वंगण असतं. मधल्या किमतीचा एखादा लॉट महागड्याला मागे टाकतो. सापडला की त्याच नंबरचा सीझनभराचा साठा, परवान्यावरच्या कोट्यात बसेल तेवढा, लगेच उचला.