चाळीस लाखांना चार भोकं

होंडा गोल्ड विंग या भल्यामोठ्या मोटरसायकलच्या डिकीवर भोकं पाडून कॅरिअर बसवणं हे म्हणायला पाऊण तासाचं काम. चार पाय, चार बोल्ट, संपलं. प्रत्यक्षात त्यातला बराचसा वेळ हातात ड्रिल धरून झाकणाकडे बघत उभं राहण्यात जातो. गाडी चाळीस लाखांच्या आसपासची, झाकणात तोंड बघून भांग पाडावा असा रंग, आणि एकदा पाडलेलं भोक काही बुजत नाही.

मुळात डिकी लहान आहे म्हणावं, तर तसंही नाही. २०१८च्या मॉडेलची डिकी ५० लिटरची होती. लोक कुरकुरले, म्हणून २०२१ला ती ६१ लिटर झाली. आता दोन फुल-फेस हेल्मेट आत बसतात. पण डिकी ६१ची असो की १६१ची, आपलं सामान तिच्यापेक्षा एका पिशवीने जास्तच भरतं. त्या एका पिशवीसाठी हा सगळा खटाटोप.

पहिला घोळ ड्रिलच्याही आधी, झेरॉक्सच्या दुकानात होतो. भोकांचा साचा कागदावर छापून घ्यायचा असतो आणि दुकानातला प्रिंटर तो पानात बसावा म्हणून गुपचूप ९७ टक्के करतो. ३०० मिलिमीटरवर ९ मिलिमीटर गेले! कॅरिअरच्या पायांना लांबट खाच नसेल, तर एवढ्या फरकाने चौथा बोल्ट जन्मात बसत नाही. साच्यावरची १०० मिलिमीटरची रेघ स्टीलच्या पट्टीने मोजल्याशिवाय दुकानदाराला पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. झाकणाचा मध्यही नजरेने काढू नये. दोन्ही कडांपासून टेपने मोजावा. ‘अंदाजे मधोमध’ बसवलेलं कॅरिअर मागच्या गाडीवाल्याला लगेच तिरकं दिसतं.

मग झाकण उघडून आतलं अस्तर काढायचं. खाली वायर जाते का, प्लास्टिकची उभी रीब (मजबुतीची पट्टी) आहे का, ते बघायचं. रीबवर भोक आलं तर वॉशर सपाट बसत नाही, आणि वायरवर आलं तर काय होतं ते सांगायला नको.

बाहेरून मास्किंग टेपचे दोन थर द्या, नाहीतर भोकाच्या कडेने रंगाचे टवके उडतात. खूण टोच्याने, हाताच्या दाबाने करायची. सेंटर पंच आणि हातोडी लोखंडासाठी ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरातलं ड्रिल दिवाळीत तोरणासाठी भिंतीवर चाललेलं असतं आणि त्याचा खटका ‘हॅमर’वरच राहिलेला असतो. तो आधी बंद करा. आधी ३ मिलिमीटरचा बिट, मग ५चा आणि ६च्या बोल्टसाठी शेवटी साडेसहाचा. वेग कमी ठेवा. जोरात फिरवलंत तर प्लास्टिक कापलं न जाता वितळतं आणि बिटाभोवती शेवयांसारखं गुंडाळतं. आतून कोणीतरी लाकडी ठोकळा दाबून धरायला हवा, म्हणजे बिट बाहेर पडताना कड फुटत नाही. ठोकळा धरणारा माणूस ऐन वेळी “अहो, नक्की इथेच ना?” असं विचारतोच. उत्तर देऊ नये.

याच सुमाराला पार्किंगमधले काका येतात. “एवढ्या पैशांत कंपनीने लावून नाही दिलं?” यावर जगात कोणाकडेच उत्तर नाही.

आता वॉशरचा क्रम. कॅरिअरचा पाय, रबर, झाकण, परत रबर, मग रुंद स्टीलचा वॉशर, शेवटी नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा नट. रबर किंचित फुगलं की हात आवरायचा. ‘अजून एक पीळ’ देणाऱ्यांच्या झाकणाला काही महिन्यांनी भोकाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा दिसतात. नट सुटू नये म्हणून आट्यांना लावायचा डिंक, थ्रेडलॉकर, इथे अजिबात नको. एबीएस प्लास्टिकला ते लागलं की ताणाखाली तडे जातात. नट सुटू नये यासाठीच तर नायलॉक असतो. बोल्टचं टोक आत लांब राहिलं, तर ते हेल्मेटवर नक्षी काढतं, म्हणून जास्तीची लांबी कापून कानस मारा. पाणी अडवायला न्यूट्रल सिलिकॉन घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लोखंडाला गंजवतं. ते सुकलं की डिकीत वर्तमानपत्र पसरा, झाकण लावून दोन बादल्या पाणी ओता आणि उघडून बघा. कागदावर डाग कुठे पडला त्यावरून कुठलं भोक गळतंय ते कळतं. शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा, कारण रबर दबून बसतं.

वजनाचं म्हणाल तर कॅरिअरवर लिहिलेला आकडा वाचून बहुतेकांचा चेहरा पडतो. तो जेमतेम काही किलोंचा असतो. पण बरोबर आहे. हा भार उंच, मागच्या चाकाच्याही मागे आणि सगळा बिजागरी नि कुलपावर. जास्त लादलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हायवेवर हँडल डुलायला लागतं. झोपायची चटई, जॅकेट, बस्स.

एवढं सगळं नीट जमलं, की जून महिन्यात ताम्हिणी घाटात कॅरिअरची खरी गंमत कळते. पाऊस येतो. रेनकोट डिकीत. डिकीचं झाकण उघडायचं, तर वरची बॅग सोडायची. बॅगेला जाळी, जाळीखाली दोन रबरी दोऱ्या, आणि त्यांचे आकडे बरोबर पलीकडच्या बाजूला अडकवलेले. सगळं सोडून बॅग चिखलात ठेवायची, झाकण उघडायचं आणि रेनकोट काढायचा. त्याच्याखाली बॅगेचं वॉटरप्रूफ कव्हर सापडतं, कोरडं ठणठणीत.