उंदरांना नाही, आईला

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या कोकम गाजतंय. कुडाळच्या दादाने व्हिडिओ टाकला: कोकमातलं गार्सिनॉल आणि हळदीतलं कर्क्युमिन म्हातारपण रोखतात, 'आता गोऱ्यांनीही मान्य केलंय'. चार दिवसांनी पुढचा मेसेज, मित्राच्या कॅप्सूल आल्यात, घरच्यांना सवलत. मी इथून, जर्मनीतून, एवढंच विचारलं, माणसांवर चाचणी झालीय का? काकांचं उत्तर आलं, "तुका थंय बसान काय कळता? आमच्या आजयेन सार पिऊनच नव्वदी गाठल्यान."

गाठली, खरंय. पण ती कॅप्सूल खात नव्हती. मे महिन्यात रातांबे फोडायचे, सालं मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची, असं दिवसचे दिवस ती अंगणात वाकलेली असे. बियांचं मुठेल टाचांच्या भेगांना. आणि तेच सार पिऊन तिच्या बरोबरीच्या किती जणी साठीच्या आत गेल्या, त्यांची नावं ग्रुपवर कोणी काढत नाही.

गार्सिनॉलवरचं बहुतेक संशोधन पेशींवर आणि उंदरांवर झालंय. कर्क्युमिन हळदीत जेमतेम तीन टक्के, तेही पोटातून रक्तात फारसं उतरत नाही, म्हणून गोळीवाले मिऱ्यातलं पायपेरिन घालतात. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन एजिंगने कर्क्युमिन, ग्रीन टीचा अर्क आणि द्राक्षातलं रेस्वेराट्रॉल उंदरांना देऊन पाहिलं. २०१३ मध्ये निकाल छापला: आयुष्य वाढलं नाही. त्याच रेस्वेराट्रॉलच्या भरवशावर उभी राहिलेली कंपनी २००८ मध्ये ७२ कोटी डॉलरना विकली गेली होती! 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' म्हणणाऱ्यांसाठी: २०१९ मध्ये इटलीत हळदीच्या गोळ्या घेणाऱ्यांना यकृताचा दाह झाल्याची प्रकरणं निघाली आणि तिथल्या आरोग्य खात्याला इशारा द्यावा लागला. भाजीतल्या हळदीबद्दल नव्हे, गोळ्यांबद्दल.

झाडपाल्यात औषध नसतं असं मी कुठे म्हणतेय? काका मधुमेहासाठी रोज सकाळी घेतात त्या मेटफॉर्मिनचं मूळ गॅलेगा नावाच्या झुडपातच आहे. फक्त मधे रसायनशास्त्र आलं, माणसांवरच्या चाचण्या आल्या, वर्षं गेली.

खरा राग त्या 'गोऱ्यांनी मान्य केलंय'चा. १९९५ मध्ये अमेरिकेने जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं तेव्हा माशेलकरांच्या सीएसआयआरने, आपल्या सरकारी संशोधन परिषदेने, जुने पुरावे मांडून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. तेव्हा हळद आमची होती. आता तिला शिक्का गोऱ्यांचाच लागतो. तो शिक्का म्हणजे काय, ते मी इथे श्टुटगार्टमध्ये बघते: रेफॉर्महाउसच्या, म्हणजे आरोग्य-खाद्याच्या दुकानाच्या, खिडकीत 'कुर्कुमा'ची पिवळी बाटली, आणि वरच्या मजल्यावरची ऐंशीपुढची बाई तिच्याकडे ढुंकूनही न बघता लोण्याचा ब्रेत्सेल घेऊन येते. केअरवोखला, म्हणजे झाडलोटीच्या पाळीच्या आठवड्यात, अख्खा जिना ती एकटी झाडते. हळदीचं बोटही न लावता या देशाचं सरासरी आयुर्मान ८१ च्या घरात आहे, हे मी ग्रुपवर लिहिलं. कोणी उत्तर दिलं नाही.

त्या बाईची मुलं हॅम्बुर्गला असतात, नाताळात येतात. हे मात्र मी लिहिलं नाही.

कारण माझी आईही वेंगुर्ल्याच्या घरात एकटीच असते. तिचा मोतीबिंदू दादाने सावंतवाडीला नेऊन काढून आणला. रक्तदाबाचा आकडा तो चिठ्ठीवर लिहून फोटो पाठवतो, मी इथून त्याला शोधनिबंधांच्या लिंका पाठवते. इतका वेळ मी बरोबर आहे की नाही यावर भांडतेय, आणि बरोबर असण्याचा आईला काडीचा उपयोग नाही. कोकमाबद्दल बोलायचा अधिकार मी सोडणार नाही, माझ्याही कपाटात तिने दिलेलं आगळ आहे. पण काकांच्या त्या 'थंय बसान'ला माझ्याजवळ उत्तर नाही.

रविवारी आईला फोन करून बजावलं, त्या गोळ्या घेऊ नकोस. म्हणाली, दोन डब्या घेतल्यात, खात नाही. पेट्रोलचे पैसे दादा काही केल्या घेत नाही, मग काय करणार?