सोड्यानं धाप जात नाही, अण्णा

गल्लीच्या ग्रुपवर अण्णांनी पाठवलेला मेसेज तुमच्यापर्यंतही आला असेल: ‘धाप लागते म्हणजे रक्तात आम्ल साठलं. अनशापोटी चमचाभर खायचा सोडा घ्या, पन्नास जोरदार श्वास घ्या. ऑक्सिमीटर ९५ दाखवतोय तोवर दवाखाना नको.’

पहिलं वाक्य निम्मं खरं आहे, म्हणून बाकीचं पचून जातं. शरीरात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड पाण्यात मिसळला की आम्ल होतं. तो बाहेर टाकायचं काम फुप्फुसांचं. वर्षानुवर्षं बिडी ओढून किंवा चुलीच्या धुरात भाकऱ्या थापून फुप्फुसं निकामी झाली की वायू आत तुंबतो आणि रक्ताचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ७.३५च्या खाली उतरतो. पण प्रत्येक धापेत असं होत नाही. दम्याचा झटका सुरू होताना माणूस भराभर श्वास घेतो, वायू जास्त बाहेर पडतो आणि रक्त उलट अल्कधर्मी होतं. झटका न ओसरता त्याच माणसाचा कार्बन डायऑक्साइड ‘नॉर्मल’ आला, तर डॉक्टर धास्तावतात. छातीचे स्नायू थकलेत, असा त्याचा अर्थ.

आता सोडा. सोड्यावर लिंबू पिळून बघा. फसफसतो तो कार्बन डायऑक्साइडच. ज्याला आहे तोच वायू बाहेर टाकता येत नाही, त्याला आणखी पाजायचा? गटार तुंबलंय आणि आपण वरून बादली ओततोय. शिवाय सोड्यातलं सोडियम बीपीवाल्यांना बाधतं. वायू तुंबला की मूत्रपिंडं तीन ते पाच दिवसांत लागेल तेवढं बायकार्बोनेट, म्हणजे सोड्यातला आम्ल मारणारा घटक, स्वतःच राखून ठेवतात.

पन्नास श्वासांनी बोटांना मुंग्या येतील, चक्कर येईल; ऑक्सिजन जवळपास वाढणार नाही, कारण निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन ऑक्सिजननं आधीच भरलेलं असतं.

सगळ्यात घातक ते ९५. ऑक्सिमीटरला कार्बन डायऑक्साइड दिसतच नाही. घरी मशीनवर ऑक्सिजन लावलेल्या म्हाताऱ्याचा आकडा ९६ असतो आणि आत वायू चढत असतो. सीओपीडीत, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होण्याच्या जुनाट आजारात, वायू तुंबण्याचा धोका असलेल्यांचा आकडा म्हणूनच ८८ ते ९२ एवढाच राखतात. खरं काय ते मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन त्यातले वायू मोजणारी एबीजी तपासणी सांगते. आकड्याचा चुकीचा अर्थ डॉक्टरांनीही लावलाय: १९५२ साली कोपनहेगनच्या पोलिओ साथीत रक्तातलं वाढलेलं बायकार्बोनेट पाहून तिथल्या डॉक्टरांनी अल्कधर्मिता मानली होती. तो तुंबलेला वायू आहे हे ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञानं ओळखलं, श्वासनलिकेत नळी घातली आणि विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं हातानं पिशव्या दाबून रुग्ण जगवले.

तेव्हा अण्णा, घरातलं धापेचं माणूस सकाळी डोकं दुखतंय म्हणालं, दिवसा झापडू लागलं, असंबद्ध बोललं, तर ऑक्सिमीटर खिशात ठेवा आणि गाडी थेट मिरजेला दवाखान्यात घ्या.