‘विदर्भात स्वातंत्र्यलढा झालाच नाही’ म्हणे!

ऑगस्ट लागला की गावागावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतो. मजकूर थोडक्यात असा : सत्तावनचं बंड विदर्भाला शिवलंच नाही. समुद्र नाही, म्हणून मिठाचा सत्याग्रहही नाही. बेचाळीसला चिमुरात जमावाने धिंगाणा घातला, तेवढाच काय तो लढा. म्हणूनच इथल्या कोणाचं नाव पुस्तकात नाही. आणि तो पुढे पाठवणारे बहुतेक आपल्याच तालुक्यातले!

सत्तावनचं आधी. वऱ्हाड त्या साली थंड होतं, हे कबूल. पण विदर्भ म्हणजे नुसतं वऱ्हाड नव्हे. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) जंगलात मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातल्या बाबुराव शेडमाके या पंचविशीच्या गोंड तरुणाने मार्च १८५८ मध्ये राजगड परगणा ताब्यात घेतला. पाठोपाठ नांदगाव-घोसरीजवळ इंग्रजांच्या फौजेशी गाठ पडली. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २९ एप्रिलला चिंचगुडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोघे इंग्रज मारले गेले. मेसेजवाले याला ‘दरोडेखोरी’ म्हणतात. तारखात्याची छावणी लुटून कोणत्या दरोडेखोराचं घर भरतं, बाप्पा? कॅप्टन क्रिक्टनला मात्र हे प्रकरण नीट कळलं होतं. त्याने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला, त्यांच्या माणसांनी बाबुरावांना पकडून दिलं, आणि २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. पकडून देणारे इथलेच होते, ते झाकायचं काही कारण नाही. झाशीची राणी पडली तेही हेच साल. तिच्यावर पोवाडे झाले. बाबुरावांची आठवण गोंड-माडिया मुलखाने आपली आपण जपली. त्यांचं नाव पुस्तकात नसेल, तर तो दोष लिहिणाऱ्यांचा.

मिठाचं म्हणाल, तर पूर्णेच्या खोऱ्यातल्या माणसाला हे सांगायची गरज पडू नये. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही. एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याला सत्याग्रही जमले आणि तिथल्या खाऱ्या पाण्याचं मीठ करून कायदा मोडला. ब्रिजलाल बियाणी त्यात पुढे होते. आणि जिथे मीठ नव्हतं तिथे गवत होतं. १० जुलैला लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातलं गवत कापून अटक करवून घेतली. सरपण आणि चराईसाठी दंड भरणाऱ्या शेतकऱ्याला मिठाच्या कायद्यापेक्षा हा जंगलाचा कायदाच जास्त जाचत होता.

आता चंद्रपूर जिल्ह्यातलं चिमूर. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्यांच्याबद्दल इथे लिहीत नाही. त्या दिवशी आधी गोळीबार झाला, त्यात बालाजी रायपूरकर हा कोवळा पोरगा गेला. मग लोक भडकले आणि काही अधिकारी मारले गेले. मेसेजमध्ये फक्त शेवटचं वाक्य असतं. १९ तारखेला गोरी पलटण गावात शिरली, तेव्हा बहुतेक पुरुष एक तर अटकेत होते किंवा पळालेले. घरात बाया होत्या. त्यांच्यावर अत्याचार झाले. दादीबाई बेगडे नावाची म्हातारी तशा वेळी साहेबांसमोर जाऊन उभी राहिली आणि हे थांबवा म्हणाली. चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. त्याच्या बातम्या छापायलाही सरकारने बंदी घातली. चिमूरच्या आणि त्याच दिवसांत असाच उठाव झालेल्या वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीच्या कित्येकांना फाशीची शिक्षा सुनावली गेली होती. त्यांचे जीव वाचावेत म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी रान उठवलं आणि १९४५ मध्ये त्या फाशा टळल्या.