नाला सामायिक, बाणा स्वतंत्र

औद्योगिक वसाहतीत प्लॉट मिळाला, शेड उभी राहिली, मशीनला हार घालून नारळ फुटला, की सल्ला देणाऱ्यांची रीघ लागते. बँकवाला येतो, सीए येतो, आग विझवण्याचे सिलिंडर विकणारा येतो. त्यांचं जरूर ऐका. पण दोन प्लॉट सोडून पलीकडचा कारखानदार ‘भाऊ, आपण सगळे मिळून सांडपाण्याचं काहीतरी करू’ म्हणत आला, तर त्याला चहा पाजा, बिस्किटं द्या आणि पार्टी यायची आहे असं सांगून वाटेला लावा. हा माणूस धोक्याचा आहे. तो तुमचे पैसे वाचवील.

सहकार आपल्याला कोणी शिकवायला नको. जळगावकडच्या रावेर, सावदा, निंभोरा या स्टेशनांवरून केळीच्या वॅगनी भरून दिल्लीला गेल्या, त्या फळविक्री सोसायट्यांच्या जोरावर. एकट्याच्या बागेने वॅगन भरत नाही, हे आपल्या आजोबांना पाटीवर न लिहिताही कळत होतं. पण ती केळी होती. विकायची वस्तू एकत्र आणली तर तो सहकार, टाकायची वस्तू एकत्र आणली तर ती भानगड, एवढा फरक धंद्यात पडलेल्या माणसाने ओळखायलाच हवा. शिवाय वेगळं होण्याची परंपरा आपल्याकडे काही कमी नाही. १९०६ साली इंग्रजांनी खान्देशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन केले, १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघालं. मग एका वसाहतीत वेगवेगळे नाले का असू नयेत, असा प्रश्न खरं तर पडायला हवा. दुर्दैवाने नाला एकच आहे.

त्या नाल्याकडे आधी वळू. जळगावची चटई देशभर जाते, बाहेरही जाते. ती बनते बहुतेक भंगारातून: जुन्या प्लास्टिकचा चुरा करायचा, धुवायचा, त्याचा दाणा पाडायचा, दाण्याची नळी ओढायची आणि नळी मागावर विणायची. एका अर्थी हा देशसेवेचाच धंदा, कारण जे उकिरड्यावर जायचं ते लोकांच्या ओसरीवर अंथरलं जातं. मधली ती धुण्याची पायरी तेवढी अडचणीची. चुऱ्याबरोबर माती येते, लेबलांचा डिंक येतो, कोणत्या डब्यात काय होतं ते देवाला ठाऊक, आणि तेल निघावं म्हणून कॉस्टिक सोडा टाकावा लागतो. हे पाणी हौदात निवळू दिलं, गाळलं आणि पुन्हा धुण्याला घेतलं, तर टँकरचा खर्चही कमी होतो. म्हणूनच तसं करू नका. भिंतीला खालून चार इंची पाइप काढा. पाइपाचं तोंड शेजाऱ्याच्या हद्दीकडे थोडं वळवून ठेवलंत, तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचे साहेब विचारतील तेव्हा बोट कुठे दाखवायचं हा प्रश्न आपोआप सुटतो. नाल्यावर फेस येतो, त्या फेसावर बारीक रंगीत चुरा बसतो, आणि वसाहतीतल्या जाणत्या माणसाला नुसत्या त्या चुऱ्यावरून कळतं की आज लाल चटई चालू आहे की हिरवी. ऑर्डर कोणाकडे आहे हे कळण्याचा याहून स्वस्त मार्ग नाही.

पाणी पुढे जातं कुठे, याची काळजी करू नये. नाला गिरणेला मिळतो, गिरणा रामेश्वरला तापीला मिळते, तापी उकाईवरून सुरतेला जाते. म्हणजे प्रश्न गुजरातचा. वाटेत जे मुरतं ते मुरतं. शिरपूरकडे नाले खोल करून, बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवलं, त्याचं केवढं कौतुक झालं! आपण तर नाला जसा आहे तसा ठेवून मुरवतो, तरी आपल्याला कोणी हार घालत नाही.

आता कायदा. पाण्याचा कायदा १९७४ चा, हवेचा १९८१ चा, दोन्ही जुने, त्यामुळे घरच्या वडीलधाऱ्यांसारखे वागवावेत: पाया पडावं, ऐकू नये. सर्वोच्च न्यायालयाने मात्र फेब्रुवारी २०१७ मध्ये जरा आवाज चढवला. ज्याची सांडपाणी प्रक्रिया यंत्रणा चालू स्थितीत नाही त्याला कारखाना चालवू देऊ नका, असं सांगितलं. ‘चालू स्थितीत’ या दोन शब्दांवर आपली सगळी भिस्त आहे. ईटीपी, म्हणजे हीच यंत्रणा, बांधा. एकट्याने बांधा, कर्ज काढून बांधा, पाहिजे त्याहून दीडपट बांधा. तिला निळा रंग द्या. चालवू नका, कारण चालवायला वीज लागते, केमिस्ट लागतो, गाळ काढावा लागतो, आणि दिवसाला चार-पाच हजार लिटरच्या पाण्यासाठी एवढं कोणाला परवडतं? गेटवरच्या वॉचमनला फक्त एक वाक्य शिकवा: ‘साहेब आले, मोटर टाका.’

लॉगबुक मात्र चोख हवं. मी पाहिलेल्या एका वहीत वर्षभराचा पीएच, म्हणजे पाणी आम्लाचं की कॉस्टिकचं ते सांगणारा आकडा, सात होता. पावसाळ्यात सात, मे महिन्यात सात, कारखाना बंद होता त्या दिवाळीच्या आठवड्यातही सात. एकाच पेनाने, एकाच बैठकीत, आणि शेवटच्या चार पानांवर शाई संपत आल्याने जरा फिकट सात. मंडळाची मर्यादा साडेपाच ते नऊ आहे. अधूनमधून सव्वासात लिहायला काय जातं? पण माणूस प्रामाणिक असावा, त्याला खोटं बोलण्यात विविधता सुचली नाही.

इथे तो मघाचा धोकादायक शेजारी काय म्हणत होता ते सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही सावध राहाल. त्याचं म्हणणं असं की तुमच्या ओळीत एक पावडर कोटिंगवाला, म्हणजे पत्र्याला भुकटीचा रंग चढवणारा, आहे. तो पत्रा आम्लात बुडवतो, त्याचं पाणी आंबट निघतं आणि ते मारायला तो चुना विकत आणतो. त्याच्या मागच्या प्लॉटवर भंगार धुणारा आहे. त्याचं पाणी कॉस्टिकचं, ते मारायला तो ॲसिड विकत आणतो. मधे भिंत आहे सहा फुटांची. दोघांचं पाणी एका हौदात आलं तर निम्मं काम ती दोन पाणीच एकमेकांत करून टाकतील. कोपऱ्यावर केळी वेफर्सवाला आहे, त्याच्या पाण्यात स्टार्च. त्यामुळे नाल्याला वास येतो म्हणून सगळे त्यालाच शिव्या घालतात. पण प्रक्रियेच्या टाकीतल्या जंतूंना खायला लागतं, नुसत्या केमिकलच्या पाण्यावर ते उपाशी मरतात. वेफर्सवाल्याचं पाणी म्हणजे त्यांची पंगत. पावडर कोटिंगवाल्याने आपल्या पाण्यातला धातू आधी आपल्याच दारात खाली बसवला, की बाकीचं सगळं एका केंद्रात चालतं, एका केमिस्टच्या पगारात.

ऐकायला बरं वाटतं ना? तिथेच फसतो माणूस. चुनावाल्याचं काय होईल? ॲसिडवाल्याचं काय होईल? दोघंही आपलीच माणसं.

गाळाचंही तेच. पावडर कोटिंगवाल्याकडे निघणारा फॉस्फेटचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो ९० दिवसांच्या वर साठवता येत नाही. वर्षाला दहा टनांच्या आतल्या लहान कारखान्याला मंडळ १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतं. नंतर तो अधिकृत भरावावर गेला पाहिजे. पुणे जिल्ह्यात रांजणगावला तसं ठिकाण आहे, जळगावपासून तीनशे किलोमीटरच्या वर. दोन ड्रमसाठी ट्रक करायचा तर गाळाला सोन्याचा भाव येतो. पाच-सहा कारखान्यांनी आपापले कागद नीट करून एकच ट्रक ठरवला तर भाडं वाटलं जातं. म्हणजे पुन्हा तीच केळीची वॅगन! पण यात फार मोठा धोका आहे. एकत्र ट्रक भरताना तुमच्याकडून किती ड्रम निघाले हे शेजाऱ्याला दिसतं, त्यावरून तो तुमचं प्रॉडक्शन काढतो, प्रॉडक्शनवरून जीएसटी काढतो, आणि मग लग्नात भेटल्यावर डोळा मिचकावतो. त्यापेक्षा ड्रम शेडच्या मागे ठेवा, वर ताडपत्री टाका. पाऊस आपलं काम करतो.

एक गोष्ट मात्र कोणाला बोलून दाखवू नका. हे सगळं आपण आधीपासून करतोच. दालमिलमध्ये तूर फोडली की चुनी निघते, टरफल निघतं. त्यातलं काहीही उकिरड्यावर जात नाही, गुरांच्या खाद्यात जातं. जिनिंगमधून रुई निघाली की मागे सरकी, सरकीतून तेल, तेलामागे ढेप. शेतातली कपाशीची पऱ्हाटी दाबून पांढरा कोळसा होतो आणि तो कोणाच्या तरी बॉयलरला लागतो. डेन्मार्कमध्ये कालुंडबोर्ग नावाचं गाव आहे. तिथे वीज केंद्राची वाफ रिफायनरीला आणि औषधाच्या कारखान्याला जायची, धुरातला गंधक पकडताना जो जिप्सम तयार व्हायचा त्याचे भिंतीचे पत्रे बनायचे, आणि हे सगळं साठ-सत्तरच्या दशकांपासून दोघा-दोघांनी आपसांत करार करत उभं राहिलं. जगभरचे लोक ते बघायला जातात. कोणी आपल्या दालमिलवाल्याला हे सांगितलं, तर तो उद्यापासून चुनीचा भाव वाढवील. आणि डेन्मार्कचं काय, तिथे थंडी असते, माणसं एकमेकांना चिकटून बसणारच. भुसावळला पंचेचाळीस डिग्रीत जरा लांब बसलेलंच बरं.

इतकं करूनही बैठक बोलावली गेलीच, तर जायला हरकत नाही. अशी बैठक हिवाळ्यात ठेवावी, कोणाच्या तरी मळ्यात. पऱ्हाटीच्या जाळावर आसोद्याची वांगी भाजायला लागली की अजेंडा मऊ पडतो. तरी कोणीतरी कागद काढतोच आणि सांगतो की केंद्राने २०१२ साली सुधारलेल्या योजनेत सामायिक प्रक्रिया केंद्राचा निम्मा खर्च केंद्राचा, पाव राज्याचा आणि आपला फक्त पाव होता; अशा एखाद्या योजनेखाली अर्ज करू. अशा वेळी पैशाला विरोध करू नका. वाटणीचं सूत्र काय, एवढंच निरागसपणे विचारा. बाकी मंडळी स्वतः करतात.

दालमिलवाले आप्पा म्हणतील, आमच्याकडे पाणीच निघत नाही, पाण्याच्या बिलावर लावा. (त्यांची धूळ सगळ्यांच्या गाड्यांवर बसते, पण ती हवेच्या कायद्यात येते, आजचा विषय पाण्याचा.) चटईवाले नाना बिलाला लगेच तयार होतात, कारण त्यांचं सगळं पाणी बोअरचं, मीटर नावापुरतं फिरतं. हे ज्याला माहीत आहे तो म्हणतो, प्लॉटच्या क्षेत्रफळावर लावा. त्यावर ज्याचा प्लॉट मोठा आणि निम्मा रिकामा आहे तो उठून उभा राहतो. शेवटी एखादा तरुण इंजिनिअर, नुकताच वडिलांच्या धंद्यात आलेला, सुचवतो की ज्याच्या पाण्यात जेवढी घाण, तेवढा त्याचा वाटा. सगळ्यांची सॅम्पल तपासू. तेव्हा मात्र सगळ्यांचं एकमत होतं की पोरगा अजून लहान आहे. मग अध्यक्ष कोण, सचिव कोण, केंद्राला नाव कोणाच्या वडिलांचं, असं चालू असताना मागून आवाज येतो, ‘जाऊ दे ना भो, आपले काय करनं शे!’ आणि पानं मांडली जातात. भरितात शेंगदाणे किती, कळण्याची भाकरी कोणाच्या घरून, तेल कोणाच्या घाण्याचं, मिरची किती तिखट, यावर दहा मिनिटांत बिनविरोध निर्णय होतात आणि प्रत्येकजण आपला वाटा न सांगता घेऊन आलेला असतो. बैठकीच्या इतिवृत्तात ‘सविस्तर चर्चा झाली’ असं लिहावं.

पुढचा टप्पा नोटिशीचा. केंद्रीय मंडळाने भरपाई मोजायचं सूत्र काढलं आहे: प्रदूषणाचा गुणांक, दिवस, रुपयांचा गुणक, कारखान्याचा आकार आणि ठिकाण यांचा गुणाकार. सर्वांत जास्त प्रदूषण करणाऱ्या लाल वर्गाचा गुणांक ८०, रुपयांचा गुणक साधारण २५० धरतात, लघुउद्योग म्हणून आकाराचा अर्धा. ८० गुणिले २५० गुणिले अर्धा म्हणजे रोजचे दहा हजार. दहा लाखांच्या आतल्या गावाला ठिकाणाचा गुणक एकच, तेवढी आपल्याला सवलत. महिन्याचे तीन लाख झाले की घाबरू नका, हिशेब नाल्यावर चढवा. नाला सगळ्यांचा, तेव्हा नेमकं कोणाचं पाणी हे सिद्ध होणार कसं? मागच्या भिंतीतला पाइप रात्री सिमेंटने बुजवा. सकाळी शेजाऱ्याच्या भिंतीकडे पाहिलंत तर तिथेही ओलं सिमेंट दिसेल.

त्याच संध्याकाळी असोसिएशनची तातडीची सभा भरते. दालमिलवाले आप्पा येतात, चटईवाले नाना येतात, ज्याचा निम्मा प्लॉट रिकामा आहे तोही वेळेच्या आधी येतो. मुंबईचा मोठा वकील लावायचं ठरतं. वर्गणी कशी, असा प्रश्न निघतो आणि कोणीतरी म्हणतं, प्लॉटच्या चौरस मीटरप्रमाणे घ्या. कोणीही उठून उभं राहत नाही. नऊ वाजायच्या आत सगळी रक्कम टेबलावर असते, रोख, आणि पावती कोणी मागत नाही.